खोकले मोजणारे रेडकर

आमच्या शेजारी राहणारे रेडकर लोकांचे खोकले मोजतात.

पहिल्यांदा ते आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मला याची कल्पना नव्हती. त्या दिवशी माझा एक सहकारीही जेवायला होता. आमटीचा ठसका लागून तो खोकला. रेडकर ताटातून मान वर न करता म्हणाले, "एक." तो पुन्हा खोकला. "दोन." तिसऱ्या वेळी त्या बिचाऱ्यानं रुमाल तोंडात कोंबला, पण खोकला नाकातून बाहेर आला. जेवण झाल्यावर रेडकरांनी त्याला बाजूला घेऊन वजन किती घटलं, रात्री घाम येतो का, संध्याकाळी अंग तापतं का, अशी चौकशी केली. तो सहकारी पुन्हा आमच्याकडे जेवायला आलेला नाही.

"भाऊजी, आमटीत मिरची जास्त पडली होती," माझी बायको सुनीता म्हणाली. "त्यात मोजायचं काय?"

"वहिनी, मिरचीचा खोकला दोनवर थांबतो. तिसरा आला की विचारावं लागतं."

"तिसरा तुमच्या भीतीनं आला!"

"असेल. भीतीचा म्हणून वेगळा लिहितो," असं म्हणून त्यांनी खिशातली वही खरोखर काढली.

आम्ही सौदीत, जुबैलला राहतो. मी मूळचा नाशिकचा, वय बावन्न. इथल्या एका कंत्राटदार कंपनीत देखभालीच्या कामांचं वेळापत्रक करतो. कोणता पंप कोणत्या दिवशी उघडायचा, किती माणसं, किती तास. आकड्यांशिवाय मला करमत नाही, हे मान्य करतो. रेडकर वेंगुर्ल्याचे, वय अठ्ठावन्न, त्याच कंपनीत स्वच्छता निरीक्षक. शहराबाहेर कंपनीचा कामगारांचा कँप आहे. तिथले संडास, स्वयंपाकघर, पाण्याच्या टाक्या, झुरळं आणि माणसांचे आजार हा त्यांचा प्रांत.

त्यांचं दुसरं वेड खिडक्यांचं. "हवा खेळू द्या" हे त्यांचं पालुपद. जुलै महिन्यात इथे बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि समुद्राकडून येणारी हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसते. अशा वेळी रेडकर आमच्याकडे येतात, चपला काढतात आणि सरळ जाऊन खिडकी उघडतात. मी थर्मामीटर ठेवून पाहिलं आहे. ते बसतात त्या चाळीस मिनिटांत दिवाणखाना चोवीस अंशांवरून एकतीसवर जातो. सुनीता एसी बंद करायला उठली की म्हणतात, "राहू द्या, वहिनी. एसी गारवा देतो, हवा देत नाही. दोन्ही चालू द्या."

या माणसाचं लग्न झालेलं नाही, हे ऐकून कोणाला आश्चर्य वाटणार नाही. तरुणपणी ते पाच मुली बघायला गेले होते. पाची ठिकाणी पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी आधी खिडकी उघडली आणि मग घरात कोणी जुनं खोकणारं आहे का, असं विचारलं. चौथ्या घरी तर आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला तेव्हा मुलीचे वडील म्हणाले, "म्हातारी आहे." रेडकर म्हणाले, "वयाचा खोकला असा येत नाही. मी बघतो," आणि ते मुलीकडे न बघता आत जाऊन म्हातारीची छाती ऐकू लागले. सोबत गेलेल्या मामानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"म्हातारीला टीबी होता का पण?" मी विचारलं.

"होता ना! तिला बरी केली. सात महिने लागले. मुलगी दुसरीकडे दिली त्यांनी."

हे वेड त्यांच्याकडे आजोबांकडून आलं. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत त्यांचे आजोबा मुंबईत गिरणगावातल्या एका वॉर्डात सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. खोल्या मोजायच्या, एका खोलीत किती माणसं झोपतात ते लिहायचं, उंदीर मोजायचे, आजारी माणूस सापडला की कळवायचं. लोक आजाऱ्यांना लपवत, कारण सापडलेला माणूस इस्पितळात जाई आणि बहुतेक वेळा परत येत नसे. गोधड्यांच्या गठ्ठ्यामागे, माळ्यावर, एकदा तर रिकाम्या पिंपात माणूस बसवलेला सापडला होता. आजोबांची एक युक्ती रेडकर फार अभिमानानं सांगतात. जातं पहाटे फिरतं. दुपारी तीन वाजता कुठल्या खोलीतून दळणाचा आवाज आला की आजोबा त्या दाराशी थांबत. आत कोणीतरी खोकत असणार आणि बाई त्यावर जातं फिरवत असणार.

"आता जाती गेली," रेडकर म्हणतात. "आता टीव्ही. ज्या खोलीत टीव्ही मोठा, त्या खोलीत जायचं."

इथवर सारं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. आम्हीही नेत होतो. पण गेल्या वर्षी कँपमध्ये जे झालं त्यानंतर मला रेडकरांचं हसू येईनासं झालं.

विष्णू नावाचा एक वेल्डर होता. रेडकरांनी त्याचे खोकले सलग तीन आठवडे मोजले, थुंकी तपासायला पाठवली, टीबी निघाला. वेळेत सापडला म्हणून ते खूश होते. नियमाप्रमाणे त्यांनी नाव वर कळवलं. वरच्यांनी विष्णूला चौथ्या दिवशी फायनल एक्झिट देऊन, म्हणजे नोकरी आणि व्हिसा दोन्ही संपवून, विमानात बसवलं. खिशात पंधरा दिवसांच्या गोळ्या. गोळ्या गावाकडे फुकट मिळतात, पण त्या आणायला तालुक्याला जावं लागतं, आणि परदेशातून रोग घेऊन आला हे गावात कळू नये म्हणून विष्णू गेलाच नाही. पुढे तो वारला. त्याच्या भावानं रेडकरांना फोन करून फक्त एवढंच विचारलं, "तुमीच मोजलेलात ना?"

तेव्हापासून कँपमध्ये रेडकर मेसच्या दारात उभे राहिले की खोकले थांबत. चारशे माणसं जेवताहेत, वाळूचे दिवस आहेत, निम्म्यांच्या घशात धूळ आहे आणि एकही जण खोकत नाही. माणसं लाल होत, डोळे पुसत, पाण्याचे घोट घेत आणि गप्प राहत. मी एका शुक्रवारी त्यांच्याबरोबर गेलो होतो तेव्हा हे पाहिलं. रेडकरांनी वही काढली, शून्य लिहिलं आणि मिटली.

"देवरेसाहेब," ते मला म्हणाले, "हा आकडा खोटा आहे."

"मग लिहिलात कशाला?"

"खोटा आहे हे विसरू नये म्हणून."

त्यानंतर दर शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. दोन माणसं असली की एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

चौदा नंबरच्या खोलीत टीव्ही मोठा होता. खोलीत सहाजण, सगळे कुडाळ-वेंगुर्ल्याकडचे. दुमजली खाटा, प्रत्येक खाटेला साडीचा नाहीतर चादरीचा पडदा, ऊन येऊ नये म्हणून खिडकीच्या काचांना चांदीचा कागद चिकटवलेला. रेडकरांनी टीव्ही बंद केला तसा वरच्या खाटेवरून खोकला आला. तो सखाराम होता, पाइप फिटर, वय सत्तेचाळीस, रोज दोन पाकिटं सिगारेट ओढणारा.

"सखाराम, उद्या सकाळी उठल्याउठल्या पहिला बेडका या डबीत," रेडकर म्हणाले. "चूळ भरायच्या आधी."

"अण्णा, सिगरेटचो खोकलो हा."

"मग डबी तसं सांगेल. मी कशाला सांगू?"

खाली बसलेला अनंत हसला. अनंत परांची बांधणारा, वय अडतीस. दंड असे की बाह्या उसवाव्यात. मेसमध्ये तो नऊ चपात्या खायचा, हे मी स्वतः मोजलं होतं. "द्या अण्णा, मी बघतंय तो डबी भरता की नाय," असं म्हणून त्यानंच डबी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुटायच्या वेळी सखारामनं डबी आणून दिली. रेडकरांनी चिठ्ठीवर नाव लिहून चिकटवली, साक्षीदार म्हणून मी सही केली. तीन दिवसांनी अहवाल आला. टीबी होता.

सखारामला सरकारी रुग्णालयात वेगळ्या खोलीत ठेवलं. तो गेला तेव्हा चकार शब्द बोलला नाही. खोलीतल्यांपैकीही कोणी बोललं नाही. रेडकरांनी या वेळी कंपनीच्या लोकांना बजावून ठेवलं होतं की उपचार सुरू झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, आणि त्यासाठी ते रोज कार्यालयात जाऊन बसत.

मग रुग्णालयातून उलटंच कळलं. सखारामच्या छातीचा फोटो स्वच्छ. तीन नवे नमुने, तिन्हींत काही नाही. पहिल्या वेळी काहीतरी चूक झाली असावी, घेऊन जा.

कँप बॉस खूश झाला. "खलास, रेडकरजी. आदमी ठीक है, फाइल बंद करो."

"फाइल बंद होईल," रेडकर मराठीतच म्हणाले, "पण ती थुंकी कोणाची होती?"

येताना गाडीत मी म्हणालो, की चूक तपासणीत झाली असेल.

"थुंकी खोटं बोलत नाही. डबीवरचं नाव खोटं असेल." मग काच खाली करून ते म्हणाले, "त्यांनी सखारामला वाचवायला खोलीतल्या सगळ्यांत धडधाकट माणसाची थुंकी भरली, देवरेसाहेब."

म्हणजे अहवाल आल्यापासून त्या खोलीतल्या सहाही जणांना रोग कोणाला आहे ते ठाऊक होतं. सखाराम दुसऱ्याच्या रोगासाठी दहा दिवस कोंडून घेऊन पडला होता. आणि ज्याला रोग होता तो रोज बसमध्ये, मेसमध्ये, त्या बंद खोलीत बाकीच्यांबरोबर श्वास घेत होता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी आम्ही चौदा नंबरमध्ये गेलो. पाचजण होते. चहा झाला. रेडकर काही विचारत नव्हते. ते खिडकीकडे पाहत होते. चांदीचा कागद निघाला होता. खिडकी सताड उघडी होती, एसी घरघरत होता आणि भट्टीसारखी झळ आत येत होती. खिडकीखालच्या खाटेचा पडदाही काढलेला. पेल्यांपैकी एक पेला वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर.

रेडकर जाऊन त्या खाटेवर बसले. खाट अनंतची होती.

"कधीपासून उघडी ठेवतोस?" त्यांनी विचारलं.

अनंत हसायला गेला, पण जमलं नाही. "तुमीच सांगतात ना, हवा खेळू द्या म्हणून."

"माझं या कँपात कोणी ऐकत नाही, अनंत. तू पहिला."

मग अनंत एकदम चिडून उठला. "अण्णा, मी खोकतंय काय? तुमी मोजतात ना? माझो एक तरी खोकलो मोजलात? दाखवा वहीत!"

रेडकरांनी वही काढली, पानं उलटली आणि त्याच्यासमोर धरली. "नाही. तुझा एकही नाही. इतकी वर्षं मी मोजतोय, आणि ज्याला होता त्याचा एकही नाही. माझी चूक झाली."

त्या माणसाच्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

अनंत खाली बसला. "माका पाठवतले. विष्णूक पाठवलो तसो. माझी पोरगी यंदा बारावीक आसा, अण्णा. दोन वर्षां द्या. फक्त दोन वर्षां. मी कोणाच्या जवळ बसणार नाय. बाहेर झोपेन."

"दोन वर्षांत हे चौघं झोपतील," रेडकर म्हणाले. "आणि तू त्यांच्या आधी." मग आवाज खाली आणून ते मालवणीत म्हणाले, "नाव दिल्याशिवाय औषध मिळणा नाय, मेल्या. आणि नाव दिल्यावर नोकरी ऱ्हवतली असा मी सांगणा नाय. खोटा बोलान तुका नेणा नाय. पण गोळये चालू झाल्याशिवाय तुका विमानात बसवक देणा नाय. ह्यां माझां वचन."

अनंतनं कोनाड्यातून बॅग काढली.

दुसऱ्याची थुंकी दिली हे कंपनीला कळलं असतं तर सहाही जणांना एकाच विमानानं घालवलं असतं. रेडकरांनी अहवालात लिहिलं : 'सखाराम आणि अनंत यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावताना माझ्या हातून अदलाबदल झाली.' साक्षीदार म्हणून माझी सही लागणार होती. मी आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. कागद समोर घेऊन मी वीस मिनिटं बसलो. रेडकर घाई करत नव्हते. शेवटी मी सही केली. ती खोटी आहे, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. रेडकरांना ताकीदपत्र मिळालं, आणि नमुने गोळा करण्याचं काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिलं गेलं. आता ते फक्त टाक्या आणि झुरळं बघतात.

उरलेल्या चौघांच्या तपासण्या झाल्या. कोणालाही काही निघालं नाही. अनंत दोन महिने रुग्णालयात होता. त्याची थुंकी स्वच्छ झाली, वजन वाढलं, आणि त्यानंतर कंपनीनं त्याला परत पाठवलं. रेडकर ते थांबवू शकले नाहीत. बसपर्यंत त्याची बॅग सखारामनं नेली. उरलेल्या चार महिन्यांच्या गोळ्या गावी घ्यायच्या होत्या. माझ्या मनात विष्णू येत होता, आणि रेडकरांच्याही येत असणार.

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत रेडकर जेवायला दिसेनासे झाले. मला वाटलं, अपमान लागला असावा. एकदा एक कागद सही करून हवा होता म्हणून मी त्यांना शोधत गेलो. ते पार्किंगमध्ये, पत्र्याच्या सावलीखाली, गाडीत बसले होते. काचा खाली. मोबाइल स्टिअरिंगला टेकवून ठेवलेला.

"तोंड उघड," ते म्हणत होते. "टाक. पाणी पी. आता जीभ वर कर. डावीकडे. हां. गालात नाय ना ठेवलीस?"

मोबाइलवर अनंत होता. मागे माडाचं झाड आणि वाळत घातलेले कपडे.

मी कागद तसाच घेऊन परत आलो. त्यानंतर मला सवयच लागली. एक वाजला की मी माझ्या खिडकीतून गाडीकडे बघायचो. रमझानमध्ये कामाच्या वेळा बदलल्या तरी त्यांची एकची वेळ चुकली नाही. वाळूचं वादळ आलं तेव्हा फक्त काचा वर होत्या. एकदाही खाडा नाही.

चार महिने म्हणजे एकशे वीस दिवस. मी कॅलेंडरवर हिशेब ठेवला होता. एकशे विसावा दिवस गेला. एकशे एकविसाव्या दिवशी गाडी तिथेच होती, आणि एकशे तिसाव्याही. आज कोर्स संपून पस्तीस दिवस झाले. काही बिघडलं की काय, या भीतीनं मी खाली उतरलो आणि गाडीच्या मागच्या बाजूनं गेलो.

"फोटो स्वच्छ इलो, अण्णा, सांगलंय ना मागच्या महिन्यात," अनंत सांगत होता. "डॉक्टर म्हणालो, आता गोळये बंद. आता मी काय गिळून दाखवू?"

"काय नाय," रेडकर म्हणाले. "पोरगी कॉलेजात जाता ना?"

"जाता. काल पण विचारलात."

"हां."

"जेवलात तुमी?"

"जेवतंय आता."

"डबो खंय आसा?"

रेडकरांनी शेजारच्या सीटवरचा डबा उचलून मोबाइलसमोर धरला. झाकण लागलेलं होतं.

"उघडा," अनंत म्हणाला. "असो नाय. माझ्यासमोर जेवा. मी थांबलंय."

रेडकरांनी आजूबाजूला पाहिलं. मी खांबाआड झालो. त्यांनी झाकण काढलं, चपातीचा तुकडा भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि हळूहळू चावला.

"आता तोंड उघडा, अण्णा," मोबाइलमधून आवाज आला. "जीभ वर करा."

आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसानं भर दुपारी, गाडीत एकट्यानं बसून, मोबाइलपुढे आ वासला.